पाहुणचाराची मालकी

पावसाळ्यातील कोणत्याही रविवारी सकाळी मुंबईकडून येणारी लोकल नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत आणि पळसदरी या स्थानकांवर जो तरुण जनसमुदाय उतरवून देते, तो दिवसभर धबधब्याखाली भिजतो, डोंगर चढतो आणि तिन्हीसांजेला दमून घरी परततो. परंतु ज्या शेतांच्या बांधांवरून आणि ज्या वाड्यांच्या अंगणांतून तो गेला, त्यांच्याशी त्याचा संबंध बहुधा वाट विचारण्यापुरता वा एखाद्या चहाच्या पेल्यापुरताच येतो. कर्जत आणि खालापूर या रायगड जिल्ह्याच्या समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या दोन तालुक्यांत पर्यटन नाही, असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, हे पर्यटन कोणाचे? त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडतो, आणि कोणत्या पाहुण्याला किती दूरवर येऊ द्यावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे?

ज्याला अलीकडे लोकाधारित सांस्कृतिक पर्यटन म्हणतात, त्याचे सारे मर्म या दोन प्रश्नांच्या उत्तरात आहे. निवास गावाच्या मालकीचा, भोजन गावच्या चुलीवरचे, वाटाड्या गावचाच, उत्पन्नाचा हिशेब गावापुढे उघडा आणि शिलकीचा विनियोग गावाच्या संमतीने, अशी या व्यवस्थेची थोडक्यात घडण आहे. तिच्यात पाहुणा एखादे दृश्य विकत घेण्यास येत नाही. दुसऱ्या एका समाजाचे जीवन काही काळ जवळून पाहण्यास आणि त्याची योग्य किंमत आनंदाने देण्यास येतो.

या प्रयोगाचे एक जुने आणि बोधप्रद उदाहरण पश्चिम आफ्रिकेत सापडते. सेनेगल देशाच्या दक्षिणेस कासामान्स नावाचा किनारपट्टीचा प्रदेश आहे. तेथील जोला लोक भरतीचे खारे पाणी बांध घालून थोपवतात आणि त्या जमिनीत भात पिकवतात; आपल्या पेण-अलिबागकडील खारभूमीच्या शेतकऱ्याला ते दृश्य मुळीच परके वाटणार नाही. 1970 नंतरच्या दशकात क्रिस्तियाँ साग्लियो या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने तेथील काही गावांत ग्रामस्थांच्या मालकीचे लहान लहान अतिथिनिवास उभे राहिले. एनाम्पोर या गावी तर त्या लोकांच्या परंपरागत वास्तुशैलीतील मातीचे वर्तुळाकृती घरच अतिथिनिवास झाले. त्याच्या छपराचा उतार आतल्या बाजूस असतो आणि पावसाचे पाणी मध्यभागी साठते. बांधकामाचे श्रम गावाचे, व्यवस्था गावाची. आणि मिळालेल्या उत्पन्नातून शाळा व दवाखाने यांस साहाय्य झाले. पुढे 1982 पासून त्या प्रदेशात फुटीरतावादी संघर्ष पेटला आणि पाहुण्यांचा ओघ आटला. त्यावरून एक धडा घेण्यासारखा आहे, तो असा की, पर्यटन हे गावाचे जोडउत्पन्न असावे; शेतीची जागा त्याने घेऊ नये.

अतिथीला आसरा देणे ही गोष्ट उल्हास नदीच्या खोऱ्याला नवी नाही. कल्याणच्या बंदरातून बोरघाटामार्गे देशावर जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग याच खोऱ्यातून जात असे, आणि कोंडिवडे गावाच्या वर, घनदाट झाडीत, कोंढाण्याची बौद्ध लेणी दोन सहस्र वर्षे त्याची साक्ष देत उभी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर काष्ठशिल्पाचे हुबेहूब अनुकरण पाषाणात केलेले आहे, नृत्य करणाऱ्या स्त्रीपुरुषांची शिल्पे आहेत आणि कृष्णाचा शिष्य बलक याने हे घडविले, अशा आशयाचा ब्राह्मी लेख आहे. अर्वाचीन काळी, 1850 मध्ये, ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा खालापूर तालुक्यातील चौक गावाहून डोंगर चढून माथेरानच्या पठारावर पोहोचला. पुढे तेथे बंगले उठले, बाजार वसला, 1907 मध्ये नेरळहून छोटी आगगाडी सुरू झाली आणि माथेरानची कीर्ती सर्वतोमुखी झाली. मात्र त्या डोंगराच्या उतारावरील कित्येक आदिवासी वाड्यांना आजही धड रस्ता नाही, आणि तेथील स्त्रिया भाजीपाल्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन माथेरानच्या बाजाराची चढण चढतात. पर्यटन वाढले म्हणजे आसपासचा मुलूख आपोआप सुखी होतो, हा समज किती भ्रामक आहे, हे दाखविण्यास दुसरा पुरावा नको.

याच्या उलट, कोणत्याही सरकारी योजनेची वाट न पाहता गावकऱ्यांनी स्वतः उभी केलेली व्यवस्था पाहावयाची असेल, तर कोंढाण्याच्या लेण्यांवरून राजमाचीची वाट धरावी. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी वसलेली उधेवाडी महसुली हद्दीने पुणे जिल्ह्यात मोडते. परंतु कर्जतकडून चढणाऱ्या पदभ्रमणकर्त्यांच्या कित्येक पिढ्यांना या वाडीतील घरांनी ओटा, पडवी आणि पिठलेभाकर दिली आहे. आंबिवलीहून कोथळीगडाकडे जाताना लागणाऱ्या पेठ गावातही असाच अनुभव येतो. तेथे फलक मोठे नसतील, पण चुलीवरून उतरलेली भाकरी पाहुण्याच्या ताटात पडते आणि तिचा मोबदला थेट त्या घराच्या हाती जातो.

आता दाखविण्यासारखे या तालुक्यांत काय आहे, असे कोणी विचारील, तर प्रथम अन्नाकडेच बोट दाखवावे लागेल. मृगाचा पहिला पाऊस पडण्याच्या सुमारास ठाकर आणि कातकरी स्त्रिया रानातून शेवळे आणतात. जांभळट आवरणातील तो कोवळा कोंब निवडणे हे कसबाचे काम आहे; आतील पिवळा भाग काळजीपूर्वक काढला नाही तर घसा खवखवून निघतो, आणि तो भाग काढल्यावरही काकडाच्या आंबट फळांची जोड दिल्याशिवाय भाजी निर्धोक होत नाही. शेवळे आणि काकड रानात एकाच सुमारास मिळावीत, ही निसर्गाची योजना आणि ती ओळखून दोहोंचा मेळ घालणारे त्या बायकांचे ज्ञान, या दोहोंपुढे नतमस्तक व्हावे. पुढे टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोळी असा भाज्यांचा क्रम श्रावणापर्यंत चालतो. हे ज्ञान शाळेच्या पुस्तकात नाही. ते मायलेकींच्या रानवाटेवरच्या संभाषणातून चालत आलेले आहे.

भाताची कापणी झाल्यावर त्याच खाचरांच्या ओलीवर वाल पेरला जातो आणि थंडीत शेंगा भरल्या म्हणजे पोपटीचा मोसम येतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालून त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी असे थर रचतात. पाण्याचा थेंबही घालीत नाहीत. तोंड त्याच पाल्याने गच्च बंद करून मडके शेतात उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा व पालापाचोळा पेटवितात. जाळ शांत होईतो सारी मंडळी त्याभोवती बसून असतात, गप्पा रंगतात, आणि मग मडके उघडल्यावर त्या उग्र-मधुर वासाने सारे शिवार भरून जाते.

पोपटीचा उल्लेख केवळ रसनेसाठी केला नाही. शहरातील पाहुणा बहुतांशी पावसाळ्यात येतो, म्हणजे ज्या दिवसांत शेतकरी कुटुंब चिखलणी आणि आवणी यांत आकंठ बुडालेले असते, नेमक्या त्या दिवसांत. आणि दिवाळीनंतर, म्हणजे ज्या वेळी हाताला काम नसते, त्या वेळी तो फिरकत नाही. त्याच वेळी शेकडो कातकरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात, मुलांच्या शाळा सुटतात आणि वाड्या ओस पडतात. कातकरी ही जमात केंद्र सरकारने विशेष असुरक्षित म्हणून गणलेल्या आदिम जमातींपैकी एक आहे. थंडीच्या त्या चार महिन्यांत गावाला पाहुणे मिळाले, तर सर्वांचे नव्हे, तरी काही घरांचे स्थलांतर टळेल. म्हणून पर्यटनाचा हंगाम पाहुण्याच्या लहरीने ठरू नये, गावाच्या गरजेने ठरावा.

अन्नाइतकीच समृद्ध आहे ती गीतनृत्यांची परंपरा. ठाकरांचे जीवन मराठी रसिकांपुढे आणले ते गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’ या कादंबरीने आणि 1977 च्या जब्बार पटेल यांच्या चित्रपटाने. ठाकरांचा ढोलनाच आणि गौरीच्या दिवसांतील स्त्रियांचे नृत्य यांना स्वतःचा काळ, स्वतःचे दैवत आणि स्वतःचे प्रयोजन आहे. ती नृत्ये एखाद्या रिसॉर्टच्या हिरवळीवर जेवणाच्या पंक्तीपुढे हुकमेहुकूम सादर करावयास लावणे, हा त्या कलेचा आणि कलावंतांचा अवमान होय. पाहुण्याने सणाच्या दिवशी यावे, बाजूला बसावे, बोलाविले तर फेरात सामील व्हावे, आणि काय पाहावयाचे व काय पाहावयाचे नाही, याचा निर्णय वाडीवर सोपवावा.

या तालुक्यांत शेतीच्या अंगाने पर्यटनाचा विचार पुष्कळ आधी झाला, हेही नमूद केले पाहिजे. नेरळजवळ मालेगाव येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी उभे केलेले ‘सगुणा बाग’ हे कृषिपर्यटनातील महाराष्ट्राचे एक आद्य केंद्र मानले जाते. पुढे 2020 मध्ये राज्य शासनाने कृषिपर्यटनाचे धोरणही मंजूर केले. तथापि एका उद्यमशील शेतकऱ्याचे केंद्र आणि संपूर्ण गावाचा उपक्रम यांत भेद आहे. दुसऱ्या प्रकारची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या चिपळूणच्या संस्थेने 2002 पासून सागरी कासवांच्या संरक्षणाचे काम हाती घेतले. त्यातून कासव महोत्सव सुरू झाला, आणि ग्रामस्थ आपल्या घरांतच पाहुण्यांची सोय करू लागले. अकोले तालुक्यातील पुरुषवाडीनेही काजव्यांच्या दिवसांत याच मार्गाने नाव मिळविले. कर्जत-खालापुरात वेळासपेक्षा पाहुणे कितीतरी अधिक येतात. उणीव आहे ती गावाच्या संघटनेची.

ही उणीव भरून काढण्यास आता फार अवधी उरलेला नाही, कारण जमीन हातची जात आहे. 1948 च्या कूळकायद्याने जी शेते कसणाऱ्याच्या नावावर चढली, त्यांतील कित्येकांच्या सातबाऱ्यावर आज मुंबई-पुण्याच्या धनिकांची नावे आहेत. जुन्या वहिवाटीच्या वाटांना फार्महाऊसची कुंपणे पडली आहेत, आणि कालचा खातेदार त्याच जमिनीवर माळी वा पहारेकरी म्हणून वेतन घेतो आहे. डोंगरउतारावरील जमिनींची कथा आणखी बिकट आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्यात आदिवासींच्या गटांना वरकस पिकांसाठी ज्या दळी जमिनी दिल्या गेल्या, त्यांच्या हक्काचा प्रश्न पिढ्यानुपिढ्या दफ्तरात अडकून राहिला. 2006 च्या वनहक्क कायद्याने वैयक्तिक व सामूहिक हक्क मान्य करण्याचा मार्ग मोकळा केला आहे. ज्या समाजाचा पायाखालच्या जमिनीवर हक्क शाबीत नाही, त्याला पाहुणचाराचा यजमान होता येत नाही. म्हणून वनहक्काचा दाखला हाच लोकाधारित पर्यटनाचा खरा पाया होय.

आणि या पायाला आणखी एक बाजू आहे, ती सुरक्षिततेची. इरशाळगडाच्या पायथ्याची इरशाळवाडी ही ठाकरांची वाडी गड चढणाऱ्यांच्या विसाव्याचे ठिकाण होती. 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगराचा कडा तिच्यावर कोसळला. वाडीपर्यंत रस्ता नसल्यामुळे यंत्रसामग्री नेता येईना. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसे बेपत्ता राहिली आणि अखेर शोधकार्य थांबवावे लागले. ज्यांच्या अंगणात पाणी पिऊन आपण गड पाहिला, त्यांच्या डोक्यावरील दरडीची चौकशी आपल्यापैकी किती जणांनी केली होती? पावसाळ्यात धबधब्यांवर जमावबंदीचा हुकूम निघतो, तो पाहुण्यांचे प्राण वाचविण्यासाठी, आणि तो आवश्यकही असतो. परंतु त्या एका हुकमाने ज्यांची चुलीपुरती मिळकतही थांबते, त्यांना त्या निर्णयात काहीच स्थान नसते. धबधब्यावर किती माणसे जावीत, कोणत्या दिवशी मुळीच जाऊ नये, हे स्थानिकांइतके कोणालाही कळत नाही. त्यांना वाटाडे व रक्षक म्हणून रीतसर नेमावे, शिकवावे आणि प्रवेशशुल्कातून त्यांचे वेतन द्यावे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

हे सारे घडविण्याची पात्रता या मातीत आहे. माथेरानचे हुतात्मा भाई कोतवाल यांनी स्वातंत्र्यलढ्याच्या काळात सावकारीने नाडलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारल्या आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह प्राणार्पण केले. पुढे कशेळ्याच्या ‘अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ने आदिवासी वाड्यांतून धान्यबँकेचा प्रयोग चालविला. धान्य एकत्र साठवून ज्यांनी उपासमारीवर मात केली, ते पाहुण्यांच्या पाळ्या वाटून घेऊन सचोटीचा हिशेबही ठेवू शकतील. ग्रामसभेने घरांची पाळी ठरवावी, पाहुण्यांची मर्यादा ठरवावी, उत्पन्नातील ठराविक वाटा शाळा, पाणी आणि दरडीपासून संरक्षण यांसाठी राखून ठेवावा. आणि शासनाने परवान्यांच्या फेऱ्यात न अडकविता रस्ता, स्वच्छतागृहे व प्रशिक्षण द्यावे.

राहिला वाचकाचा वाटा. पुढच्या खेपेस कर्जत वा खालापूरला जाल तेव्हा आधी कळवून एखाद्या वाडीतील घरी जेवा, गावचाच वाटाड्या घ्या, दराची घासाघीस करू नका, परवानगीवाचून कोणाचे छायाचित्र काढू नका, आपला कचरा आपल्याबरोबर परत न्या, आणि एकदा तरी पावसाळा सोडून पौषात जा. यजमानाला यजमानाचा मान आणि श्रमाचे मोल मिळेल, तेव्हाच या दोन तालुक्यांतील पर्यटनाला संस्कृती हा शब्द लावण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होईल.