गीत आणि गीतकार

कॅनडात गीतकारांच्या मैफली भरतात. तीन-चार गीतकार रंगमंचावर शेजारी बसून, गीत कसे सुचले ते सांगत, पाळीपाळीने आपापली रचना गातात.

गोमंतकाला हे अगदीच नवे नाही. १८९२ साली मुंबईत जन्मास आलेल्या कोकणी तियात्रात प्रवेशांच्या मध्ये कांतारे होतात. ती रचणाराच पुष्कळदा गातो. पेडणे-डिचोलीच्या देवळांतील भजनांत मात्र पदकर्ता समोर नसतो. तो शतकांपूर्वीच काळाआड गेलेला असतो. तरीही तो अनोळखी राहत नाही, कारण शेवटच्या चरणात त्याने आपले नाव गुंफलेले असते. हीच नाममुद्रा. १७१४ साली बांद्यास जन्मलेल्या सोहिरोबानाथ आंबिये यांच्या पदांत ती आढळते. पेडणे तालुक्यात विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयास त्यांचेच नाव आहे.

गायक बदलला, चाल बदलली, तरी मुद्रेमुळे कर्ता हरवत नाही. आजच्या गीतांत बहुधा मुद्रा नसते. गाणे ओठांवर राहते आणि रचणारा विसरला जातो. म्हणून गायकाने आरंभीच गीतकाराचे नाव घ्यावे. त्यास एक वाक्य पुरते. पण तेवढ्याने एका माणसाचे ऋण मान्य होते.