पेन झक्कास, पण पीस कुणाचं?

रविवारची सकाळ, नांदूरमध्यमेश्वर. गळ्यात दुर्बीण, हातात कटिंग चहा. पाण्याच्या काठाशी एक जांभळट निळं पीस पडलेलं दिसलं. च्यायला, याचं पेन काय मस्त होईल! उचलायला वाकलो, तोच मित्र खेकसला, ‘ए, ठेव खाली! अभयारण्य आहे हे.’

पिसाचं पेन म्हणजे शाईत बुडवायचा टाक नव्हे. पारदर्शक रेझिनमध्ये कायमचं बंद झालेलं पीस आणि त्यातून कातलेलं पेन. बाजारात सरसकट ‘अ‍ॅक्रिलिक’ म्हणतात, पण घरी ओततात ते बहुतेकदा इपॉक्सी असतं. आपल्याकडे हाताने पेन बनवणं नवं नाही. राजमुंद्रीचे रत्नम पेन 1932 पासून बनतायत. पिसाचा हा प्रकार मात्र परदेशातल्या हौशी मंडळींकडून आलाय.

कृती ऐका. 7 मिलिमीटरच्या पितळी नळीला आधी काळा रंग द्यायचा, म्हणजे पिसाआडून पितळ डोकावत नाही. पीस शाम्पूने धुऊन खडखडीत वाळवायचं आणि नळीवर गुंडाळून चिकटवायचं. मग सिलिकॉनच्या साच्यात ठेवून वर रेझिन ओतायचं. खरी गंमत इथेच. पिसाच्या तंतूंमध्ये हवा अडकते आणि सुंदर पीस चंदेरी, पांढुरकं दिसायला लागतं. माझं पहिलं पेन असंच कामातून गेलं. उपाय दोन. ओतण्याआधी पिसावर पातळ रेझिन चोळून मुरवायचं आणि साचा प्रेशर पॉटमध्ये ठेवायचा. दाबाने बुडबुडे इतके आकसतात की दिसतच नाहीत. (घरचा कुकर चुकूनही वापरू नका, तो यासाठी नाही. आई ओरडेल ते वेगळंच!) हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. इपॉक्सी पक्कं व्हायला एक-दोन दिवस जातात. मग लेथ, पॉलिश पेपर आणि भरपूर धीर.

मासेमारीच्या ‘फ्लाय’चं पेन तर अजून भारी. फ्लाय म्हणजे गळावर दोऱ्याने पिसं बांधून केलेली नकली माशी. पण तयार पेनची जाडी साधारण 12 मिलिमीटर, नळी 7ची. म्हणजे पारदर्शक थर उरला जेमतेम अडीच मिलिमीटर. त्यात गळ मावत नाही आणि कातताना पटाशी त्यावर आदळली तर सगळा खेळ खल्लास. म्हणून गळ वगळून माशी थेट नळीवरच बांधायची.

आता गंमत बघा. इंग्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या सॅमन फ्लायमध्ये ‘जंगल कॉक’च्या मानेची पिसं लागायची, मेणचट पिवळ्या ठिपक्यांची. हा जंगल कॉक म्हणजे कोण? आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा! आज तो 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. बाहेरचे शौकीन आता पाळलेल्या कोंबड्यांची पिसं वापरतात.

सगळेच इतके सरळ नसतात. 2009 साली इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या म्युझियममधून पक्ष्यांच्या 299 जुन्या कातड्या चोरीला गेल्या. चोर कोण? बासरी शिकणारा विशीतला अमेरिकन पोरगा, फ्लाय बांधण्यात मास्टर. पायाला ओळखचिठ्ठी असेल तरच अशा कातडीचा संशोधनाला उपयोग. पुष्कळ कातड्यांच्या चिठ्ठ्या त्याने काढून टाकल्या होत्या. छंदापायी शंभर-दीडशे वर्षांची माहिती कचऱ्यात.

म्हणूनच पीस कुणाचं, हा प्रश्न पेनच्या आधी विचारायचा. नांदूरमध्यमेश्वर 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. तिथून फोटोशिवाय काही आणायचं नाही, गळून पडलेलं पीससुद्धा नाही. मोराच्या शेपटीच्या पिसांना कायद्यात सूट आहे, पण निर्यातीला बंदी आहे, त्यांच्या वस्तूंनाही. ऑनसाइट निघालेल्या मित्राला मोरपिसाचं पेन गिफ्ट द्यायचा प्लॅन असेल, तर आत्ताच कॅन्सल करा.

मग वापरायचं काय? उत्तर चिकनवाल्याकडे आहे! गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं उन्हात धरून बघा. तांबूस, सोनेरी, कडेला हिरवट झाक. रेझिनमध्ये गेल्यावर आणखीच खुलतात.

परवा मीटिंगमध्ये सही करताना बॉसची नजर माझ्या पेनवर गेली. ‘एक्झॉटिक दिसतंय. कुठला पक्षी?’

म्हटलं, ‘सर, सिन्नरचा. रस्साही झकास झाला होता.’