कुणाचं आहे हे?

आमच्या लहानपणी सायकलला बिल्ला असे. नगरपालिकेत पैसे भरायचे, पत्र्याचा तो छोटासा तुकडा आणायचा आणि तारेने सायकलच्या दांडीला बांधायचा. वडील हे काम दरवर्षी न चुकता करीत. नाक्यावर पालिकेचा माणूस दिसला की बिल्ला नसलेली पोरे सायकल हातात धरून गुपचूप बोळात शिरत. घरात रेडिओ होता, त्यालाही लायसन होते आणि ते पोस्टात जाऊन भरावे लागे. ऐंशीच्या दशकात रेडिओचे लायसन गेले, पुढे सायकलचा बिल्लाही गेला, आणि सरकारला ही उठाठेव कशाला हवी होती, असे म्हणायला आम्ही मोकळे झालो. ड्रोनचीही नोंदणी करावी लागते हे प्रथम ऐकले, तेव्हा मी हेच म्हणालो होतो. आज म्हणत नाही. त्याला कारण माझा भाचा संजू.

संजू फलटण तालुक्यातल्या एका गावी राहतो. नववीत असताना वडील गेले आणि त्याची शाळा सुटली ती सुटलीच. फोटो स्टुडिओत हरकाम्या म्हणून लागला, बघता बघता कॅमेरा शिकला आणि चार वर्षांपूर्वी त्याने एक परदेशी बनावटीचा जुना ड्रोन हातोहात विकत घेतला. पावती नाही की कागद नाही. विकणाऱ्याने सांगितले नाही आणि यानेही विचारले नाही. लग्नसराईत मात्र त्याला उसंत नसे. वरून घेतलेली वरात हल्ली प्रत्येकाला हवी असते.

गेल्या वैशाखात नात्यातल्याच एका लग्नाला मीही गेलो होतो. दुपारी वावटळ उठली. वर तरंगणारा ड्रोन एकदम तिरका झाला आणि मांडवाच्या कडेला खेळणाऱ्या पोरांत येऊन आदळला. एका सात वर्षांच्या मुलाला भुवईच्या वर पाते लागले. बोटभर खाली लागते तर डोळाच जायचा. मुलाचा बाप धावत आला, ते यंत्र हातात उचलून धरले आणि ओरडला, ‘‘कुणाचं आहे हे?’’

सनई थांबली. ड्रोनवर ना नाव होते ना नंबर. रिमोट पिशवीत टाकून संजू गर्दीत मिसळला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. दोन-चार क्षण गेले आणि तो पुढे झाला. ‘‘माझं आहे,’’ म्हणाला. त्यानेच मुलाला मोटारसायकलवरून दवाखान्यात नेले. तीन टाके पडले. रात्री अंगणात बसलो असताना तो मला म्हणाला, ‘‘मामा, मी पळणारच होतो. पाय उचललाही होता.’’

पुण्याला परतल्यावर मी हे नियम मुळापासून वाचून काढले. २०१४ साली आपल्याकडे खासगी ड्रोन उडवायलाच सरसकट मनाई झाली. २०१८ साली पहिले नियम आले, पण ते इतके किचकट होते की सामान्य माणूस त्यांच्या वाटेला जाईना. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली. आता सगळेच बंद होणार असे वाटले. पण गंमत अशी की दोनच महिन्यांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, आले ते सुटसुटीत नियम. पंचवीस अर्जांचे पाच झाले. ड्रोन नोंदवून त्याचा क्रमांक घ्यायची फी अवघी शंभर रुपये. २०२३ साली पासपोर्टची अटही गेली. सरकारी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा पुरेसा ठरला.

हौशी आणि धंदेवाईक असा भेदही या नियमांत आहे. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोपर्यंतचा ड्रोन निव्वळ हौसेखातर उडवला तरी लागत नाही. मात्र त्यातून पैसे कमवायचे, तर मान्यताप्राप्त संस्थेत शिकून प्रमाणपत्र घ्यायला हवे. मोटारीसारखा तिसऱ्या पक्षाचा विमा हवा. त्यातून सूट फक्त सर्वांत लहान ड्रोनना. आकाशाचाही नकाशा आहे. हिरव्या भागात चारशे फुटांपर्यंत परवानगीविना उडता येते, पिवळ्यात विचारून, आणि लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. नियम मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंड. म्हणजे संजूने चार वर्षे जे केले ते सगळेच बेकायदा होते. आणि ते त्याला, फोटो स्टुडिओच्या मालकाला, लग्नघरांना, कुणालाच ठाऊक नव्हते. नियम सुटसुटीत झाले, पण ते तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेच नाहीत.

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या कित्येक गावांनी रात्री आकाशात फिरणाऱ्या दिव्यांच्या धास्तीने रात्री जागून काढल्या. चोर टेहळणी करताहेत इथपासून नाही नाही त्या अफवा उठल्या. ती भीती यंत्राची नव्हती. ते कुणाचे आहे हे कळत नव्हते, त्याची होती. आपल्या गच्चीवर, आपल्या न्हाणीघराच्या खिडकीसमोर असे काही घोंगावू लागले, तर तुमच्या-माझ्या तोंडी पहिला प्रश्न हाच येईल.

संजूला मी सगळे समजावून सांगितले. त्याच्या मनात वेगळेच होते. ‘‘मामा, लग्नं पुरे. आता फवारणीचा ड्रोन शिकतो.’’ डोक्याच्यावर गेलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. पात्याने अंग चिरते आणि औषध नाकातोंडात जाते. तेच काम ड्रोन वरून करतो. पंधरा हजार महिला बचत गटांना असे ड्रोन द्यायची योजना केंद्र सरकारने २०२३ साली जाहीर केली, ती उगीच नव्हे. काम आहे, हातात कसबही आहे. पण चालकाच्या प्रमाणपत्रासाठी वय अठरा ते पासष्ट आणि शिक्षण दहावी पास हवे. संजू नववी.

मला राग आला. हवेचा अंदाज घेणाऱ्या, मोटारीच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या पोराला दहावी कशाला? ज्याची शाळा गरिबीने सोडवली, त्याला आकाशाचे दारही बंद? माझे हे म्हणणे आजही कायम आहे. परिस्थितीने शाळा सुटलेल्यांसाठी प्रत्यक्ष चाचणीची एखादी वाट ठेवायला हरकत नसावी. पण संजू वैतागला नाही. ‘‘नकाशा वाचायचा, फूट-मीटरचा हिशेब करायचा, तर थोडं शिकायलाच पाहिजे की,’’ म्हणाला आणि त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरला. येत्या मार्चमध्ये हा सव्वीस वर्षांचा बाप्या पंधरा वर्षांच्या पोरांशेजारी बाकावर बसणार आहे.

जुना ड्रोन त्याने टॉवेलात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. गिऱ्हाइके विचारतात, हा नाही म्हणतो. या हंगामाची कमाई बुडाली. ताई फोनवर सांगत होती, ‘‘रात्री अकरापर्यंत बीजगणित करत बसतो. त्याच्या बापाने पाहायला हवं होतं.’’

परवा त्या मुलाचा बाप संजूला बाजारात भेटला. कपाळावरचा व्रण आता पुसट झालाय म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारले, ‘‘आमच्या दोन एकर उसावर मारशील का औषध?’’

संजू म्हणाला, ‘‘मारीन की. पण आधी परीक्षा, मग नंबर. नंबर आला की पहिला तुमच्याच रानात येतो.’’