पाऊस पडल्यानंतरचा दुष्काळ : औतें, वाफसा व तण यांविषयीं



दुष्काळ म्हणजे धान्याचा व चाऱ्याचा तुटवडा, आणि पाऊस पडला कीं तो सरला, अशी समजूत सर्वत्र आहे. आमच्याकडे येणाऱ्या देणग्याही बहुधा त्याच कामीं लागतात. परंतु सोलापूर, मंगळवेढें, करमाळें या बाजूच्या काळ्या जमिनींत ज्याच्या दावणीस बैल उरले नाहींत व ज्याचें कोळपें मोडून पडलें आहे, त्याचा दुष्काळ पाऊस पडल्यावरही चालूच राहतो. तो कसा, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

या भागाचें मुख्य पीक रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू. तिची पेरणी भाद्रपद-आश्विनांत होते. त्यानंतर पावसाचा भरंवसा नसतो; पावसाळ्यांत जमिनीनें जें पाणी पोटांत धरलें, तेवढ्यावरच पीक निघावें लागतें. म्हणून पेरणीपूर्वीं उघड्या रानांत वारंवार कुळव फिरवितात. त्याची आडवी लोखंडी पास दोन-तीन बोटें खोल चालते, उगवतें तण मुळाशीं कापते व वरची माती मोकळी करून पुढील पाऊस आंत मुरूं देते. वाफसा मात्र थोडे दिवसच टिकतो. ओल्या रानांत औत घातलें तर चिखल होतो, वाळल्यावर घातलें तर ढेकळें निघतात. शेजाऱ्याचे बैल मोकळे होण्याची वाट पाहणाऱ्याचा वाफसा हटकून जातो.

पीक उगवल्यावर कोळप्याचें काम लागतें. पहिली कोळपणी तीन आठवड्यांनीं, दुसरी पांच आठवड्यांनीं व तिसरी आठव्या आठवड्याच्या सुमारास. पहिल्या दोहोंनीं तण मरतें. तिसरीचें प्रयोजन शहरांतील गृहस्थांस सहसा उमजत नाहीं, कारण त्या वेळीं तण थोडेंच असतें. परंतु तेव्हां काळी जमीन उकलूं लागते. भेगांवाटे आंतली ओल उडून जाते व मुळ्या तुटतात. दातेरी कोळप्यानें त्या भेगा मातीनें बुजविल्या म्हणजे दाणा भरण्यापुरतें पाणी शिल्लक राहतें. एक कोळपणी म्हणजे अर्धें पाणी, असें शेतकरी म्हणतात. मापास तें उतरो वा न उतरो, कारण खरें आहे. सोलापूर येथें १९३३ सालीं कोरडवाहू शेतीचें संशोधन सुरू झालें. मुंबई इलाख्याची कोरडवाहू पद्धत म्हणून जी पुढें शिकविली गेली, तींत बांधबंदिस्ती, अठरा इंचांवर पाळी व थोडें बीं यांबरोबर या कोळपण्याही होत्याच.

आतां तणाविषयीं. साधें तण पासेनें मरतें. हरळी व कुंदा यांची जात निराळी आहे. त्यांच्या मुळ्या जमिनीखालीं पसरतात आणि कुळवानें तुटलेला प्रत्येक तुकडा पुन्हां फुटतो. उन्हाळ्यांत खोल नांगरून काशा वर काढाव्या, तापूं द्याव्या व वेंचून टाकाव्या, हाच उपाय. हलका लांकडी नांगर तेथवर पोंचत नाहीं. १९०३ सालीं किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते या समजुतीमुळें नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं! आज ही गोष्ट हंसण्यासारखी वाटते. पण ज्याचें सर्वस्व चार बिघे रान, त्यानें नव्या वस्तूस भ्यावें यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला तर याहून कपटी. तो फुलण्यापूर्वीं उपटला नाहीं, तर त्याचें धुळीसारखें बीं कित्येक वर्षें जमिनींत टिकतें. एकदां पडीक राहून कुंद्यानें भरलेलें रान पुन्हां लागवडीस आणण्यास काय खर्च पडतो, हें जमीनदारांस आम्हीं सांगावयास नको.

१८९९-१९०० च्या दुष्काळांत गुरांचा संहार झाला. १९७२ सालीं चाऱ्याअभावीं बैल मिळेल त्या किंमतीस विकले गेले. बैल व बियाणें यांकरितां तगाई देतां यावी म्हणून १८८४ सालीं कायदाच झाला होता. पण औत दुरुस्त करणाऱ्याकडे कोणाचें लक्ष जात नसे. खळ्यावर धान्य नाहीं म्हणजे सुतार-लोहारांस बलुतें नाहीं. ते पोटासाठीं गांव सोडीत, आणि झिजलेली पास शेवटण्यास किंवा मोडलेलें रुमणें बसविण्यास माणूसच उरत नसे.

हल्लीं नांगरट बहुतेक ठिकाणीं ट्रॅक्टरनें होते, पण तें भाडें रोख द्यावें लागतें. लहान शेतकरी जुन्या सायकलीच्या चाकाचें हातकोळपें करून घेतात. एका माणसानें ढकलावयाचें हें साधन थोड्या रानास पुरतें व बैलावांचून चालतें. आमच्या मतें देणगीच्या पैशांत इतकी स्वस्त व टिकाऊ मदत दुसरी क्वचितच होईल.

तरी व्यापारी मंडळींनीं लोखंड व लोहाराची मजुरी यांचा भार उचलावा, आणि ज्यांच्याकडे बैल अगर ट्रॅक्टर आहे त्या जमीनदारांनीं वाफशाचे एक-दोन दिवस शेजारच्या निराधार खातेदारास द्यावे, अशी विनंती आहे. वर्गणी देतांना पावतीवर ‘औतांकरितां’ असा शेरा लिहविल्यास ती रक्कम त्याच खातीं जमा करण्यांत येईल.