सुई टोचण्याआधीच उठणारी रेघ

तळहाताला सुटलेला घाम आपल्याला जाणवायच्या आधी यंत्राला कळतो. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मी मुलांना हे करून दाखवते. डाव्या हाताच्या दोन बोटांना जेल लावून इलेक्ट्रोड बांधायचे, त्यांच्यात अर्धा व्होल्ट सोडायचा (माणसाला काहीच कळत नाही) आणि त्वचेतून वीज किती सहज वाहते ते पडद्यावर पाहायचं. पाठीमागे कुणी अचानक टाळी वाजवली, की एक ते तीन सेकंदांत रेघ वर चढते. मेंदू दचकतो, सिम्पथेटिक मज्जातंतू घामाच्या ग्रंथींना चेतवतात, त्यांच्या बारीक नळ्या खारट पाण्याने भरतात आणि खारट पाण्यातून वीज सहज जाते. फ्रान्समध्ये फेरे यांनी 1888 मध्ये असा बदल नोंदवला होता.

हीच रेघ मी अॅक्युपंक्चरच्या वेळीही पाहते. मी सोलापूरची. आमच्याच गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घरात कायम असायचं. 1938 मध्ये त्यांच्यासोबत चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले डॉ. बसू यांनी पुढे 1959 मध्ये अॅक्युपंक्चर भारतात आणलं. त्यामुळे या उपचाराबद्दल मला आधीपासून आस्था आहे, आणि म्हणूनच त्याची मोजणी चोख व्हावी असं वाटतं.

अॅक्युपंक्चर करणारे एक सहकारी आमच्याकडे येतात. उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात, म्हणजे 'हेगू' बिंदूवर, ते सुई घालतात. रेघ उठते. सुई हलकेच फिरवली, समोरचा म्हणाला, "हात जड झाला, मुंग्या आल्या," की पुन्हा उठते. पण सुईचं पाकीट फाडल्याचा नुसता आवाज झाला, तरी ती उठतेच! पुढे माणूस स्वस्थ पडून राहिला की हळूहळू खाली येते. मग यातला सुईचा वाटा किती आणि धास्तीचा किती? त्यासाठी खोटी सुई लागते. जर्मनीतल्या श्ट्राइटबर्गर यांनी 1998 मध्ये तशी एक दाखवली: बोथट टोकाची, टोचल्यासारखी वाटणारी, प्रत्यक्षात दांड्यात मागे सरकणारी. तिच्याशी तुलना केल्याशिवाय रेघेवरून उपचाराबद्दल काहीही बोलू नये, असं माझं ठाम मत आहे.

याहून जास्त काळजी वाटते ती बिंदू शोधणाऱ्या यंत्रांची. जपानमध्ये नाकातानी आणि जर्मनीत फोल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर ही पद्धत रुजवली: बिंदूवर त्वचेचा विद्युतरोध कमी असतो, म्हणून तो मोजून आजार ओळखायचा. पण टोकदार सळई जरा जोरात दाबली किंवा त्वचा ओलसर असली, की रोध कुठेही कमी होतो. 2008 मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही या बिंदूंचं विद्युत वेगळेपण निर्णायकपणे सिद्ध झालं नाही. आणि तरी आमच्या शेजारच्या काकू असा रंगीत रिपोर्ट घेऊन येतात. 'किडनीची ऊर्जा कमी' वाचून त्यांची झोप उडालेली असते. मी त्यांना आधी रक्ताची आणि लघवीची तपासणी करायला पाठवते.

या विषयावर प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना मी एवढंच बजावते: सुई दिसू देऊ नका, बोटं तीच ठेवा, खोटी सुई वापरा, आणि खोलीचं तापमान व पंख्याचा वेग दर वेळी वहीत लिहा.