मग पुढे काय?

गेल्या महिन्यात आमच्या नातीला शाळेत ‘माझी आजी’ हा निबंध लिहायला दिला होता. पाचवीत आहे ती. मी स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. म्हटलं, आता ही येऊन मला काही विचारील. पण छे! तिने आईचा फोन घेतला, त्यातल्या त्या सर्वज्ञ यंत्राला निबंध सांगितला आणि माझी वाटीभर मटार सोलून व्हायच्या आत निबंध तयार!

मोठ्या कौतुकाने तिने तो मला वाचून दाखवला. ‘माझी आजी नऊवारी नेसते. पहाटे उठून तुळशीला पाणी घालते. तिच्या हातचे बेसनाचे लाडू मला फार आवडतात.’

मैत्रिणींनो, मी गेली वीस वर्षं पंजाबी ड्रेस घालते. पहाटे तुळशीपाशी नव्हे, पर्वतीच्या पायऱ्यांवर असते. आणि बेसनाचे लाडू मला आजवर कधी साधले नाहीत. एक तर कच्चे राहतात, नाही तर टाळूला चिकटतात.

“अगं, ही कुणाची आजी?” मी विचारलं.

“पण आजी, शुद्धलेखनाची एकसुद्धा चूक नाहीये!” ती म्हणाली.

आम्ही सगळे पोट धरून हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते हसू काही टिकलं नाही. बिनचूक लिहिणारं, आणि तरीही समोरच्या आजीकडे मान वर करून न पाहणारं हे शहाणपण कुठलं? तेव्हा लहानपणी ऐकलेली पंचतंत्रातली गोष्ट आठवली.

चार मित्र रानातून चालले होते. तिघे मोठे विद्वान, चौथा साधा, पण व्यवहार कळणारा. वाटेत मेलेल्या सिंहाची हाडं पडलेली दिसली. एकाने विद्येच्या बळावर हाडं जोडली, दुसऱ्याने त्यावर मांस-कातडं चढवलं, तिसरा प्राण फुंकायला पुढे झाला. चौथा म्हणाला, “अरे, हा उठला तर आपल्यालाच खाईल!” विद्वानांनी त्याची टर उडवली. तो बिचारा म्हणाला, “मग जरा थांबा, मी झाडावर चढतो.” पुढचं तुम्हांला ठाऊकच आहे.

मला वाटतं, जगातल्या निम्म्या विज्ञानकथा या एका गोष्टीत आल्या. विद्वान विचारतो, ‘हे करता येईल का?’ झाडावर चढणारा विचारतो, ‘मग पुढे काय?’

पुण्यातल्या घरातली विज्ञानकथा

मराठीत हा दुसरा प्रश्न सातत्याने विचारला तो डॉ. जयंत नारळीकरांनी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली. केंब्रिजहून परतलेले नारळीकर तेव्हा मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. आपल्या नावाकडे पाहून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ असं टोपणनाव घेतलं. स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून दिली ती मंगलाताईंनी. ‘कृष्णविवर’ या त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

या मंगलाताई नुसत्या नवऱ्याची कथा उतरवून देणाऱ्या नव्हत्या बरं का. त्या स्वतः गणितज्ञ. लग्न, परदेशातला संसार, मुलींची बाळपणं हे सगळं सांभाळून १९८१ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. पुढे १९८८ मध्ये नारळीकर पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेचे पहिले संचालक झाले आणि हे कुटुंब पुणेकर झालं. नाशिकच्या २०२१ च्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही नारळीकरांकडे आलं. मंगलाताई जुलै २०२३ मध्ये गेल्या, नारळीकर २० मे २०२५ रोजी. दोघांनीही पुण्यातच निरोप घेतला.

वामनाची तीन पावलं

आज घराघरांतल्या फोनमध्ये कृत्रिम बुद्धी येऊन बसली आहे. पण ‘वामन परत न आला’ ही नारळीकरांची कादंबरी चाळीसएक वर्षांपूर्वीची. जमिनीखाली खोल पुरून ठेवलेली एक पेटी सापडते. आपल्या आधी नांदून गेलेल्या, आपल्याहून पुढारलेल्या संस्कृतीने ठेवलेली. तिच्यातल्या माहितीवरून एक विचार करणारा यंत्रमानव तयार होतो. त्याचं नाव वामन. एवढं ज्ञान असलेली ती माणसं मग गेली कुठे, हा त्या कादंबरीतला खरा धाक आहे.

नावातच सगळं आलं, नाही का? बटू दारात येतो, तीनच पावलं जमीन मागतो. बळीराजाला वाटतं, तीन पावलं ती काय! आपल्याकडेही हे यंत्र असंच आलं. आधी पत्ता सांगायला, मग हिशेब करायला, आता मुलांचे निबंध लिहायला. तिसरं पाऊल कुठे ठेवायचं, हे विचारायची वेळ येण्यापूर्वी जरा विचार करावा, एवढंच.

यंत्र वाईट असतं असं मला म्हणायचं नाही. मिक्सर आला म्हणून पाटा-वरवंट्याच्या आठवणीने मी कधी डोळे पुसले नाहीत. पण मिक्सर चटणी वाटतो. चटणी कुणासाठी, किती तिखट, हे अजून आपणच ठरवतो. ते ठरवणंसुद्धा यंत्रावर सोपवलं, तर आपल्या हातात उरलं काय?

या सगळ्या कथांची आद्य जननी एक बाईच आहे, हे किती जणींना ठाऊक असेल? इंग्लंडची मेरी शेली. १८१६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तिने ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतली. १८१८ मध्ये ती छापून आली तेव्हा पुस्तकावर लेखिकेचं नावसुद्धा नव्हतं. त्यातला हुशार तरुण प्रयोगशाळेत एक जीव तयार करतो, आणि तो डोळे उघडतो तेव्हा घाबरून पळून जातो. तो जीव पुढे जे करतो ते भयंकर खरं. पण मुळातला गुन्हा कोणता? जन्माला घातलं आणि सांभाळलं नाही. मेरीचं पहिलं मूल काही दिवसांचं असतानाच गेलं होतं. मूल म्हणजे काय असतं, हे तिला प्रयोगशाळेतून शिकायला लागलं नव्हतं.

दुर्बीण वर, मन खाली

हुशारीला धोके आहेत तशा मर्यादाही आहेत. नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ कथेतल्या दत्तदांना आकाश पाहण्याचं वेड. दुर्बीण घरी आल्यापासून इंद्राणीदेवींना ती सवतच वाटते. एके रात्री दत्तदांना नवा धूमकेतू सापडतो, नाव होतं, सत्कार होतात. आणि मग कळतं, की हाच धूमकेतू पृथ्वीवर आदळणार! जगातले शास्त्रज्ञ गुपचूप एकत्र येतात आणि अणुस्फोट घडवून त्याची वाट बदलतात. पण इकडे दत्तदांच्या स्वतःच्या घरात काय चाललेलं असतं? संकट टळावं म्हणून नातवाच्या हातून यज्ञ! संकट टळलं ते यज्ञामुळेच, असं घरच्यांना वाटतं. धूमकेतूची वाट बदलता आली, माणसाच्या मनाची बदलता आली नाही.

ही काही नुसती गोष्ट नव्हे. २००८ साली नारळीकरांनी इथेच, पुण्यात, एक साधी चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा दोन्ही गटांतल्या दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि विचारलं, कुठली कुणाची, सांगा. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवून सांगितलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती! तरीही आपण लग्न ठरवताना छत्तीस गुण बघतोच. मीही थोरलीच्या वेळी बघितले होते. खोटं कशाला बोलू?

पुत्रवती भव

आता जे सांगायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला, ते सांगते.

१९८३ साल. थोरली चार वर्षांची होती आणि मला पुन्हा दिवस गेले होते. सासरच्या नात्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई हळदीकुंकवाला आल्या होत्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “हल्ली पोटातलं पाणी काढून तपासतात म्हणे. आधीच कळतं. एकदा बघून घे ना. उगीच दोन्ही मुलीच व्हायच्या.” बाई दुष्ट नव्हत्या हो. चार मुलींनंतर मुलगा होईपर्यंत त्यांनी काय काय ऐकून घेतलं होतं, ते सगळ्या घराला माहीत होतं. मला त्यातून वाचवायलाच त्या निघाल्या होत्या! ह्यांना विचारलं, तर म्हणाले, “तुला वाटेल तसं कर.” म्हणजे सगळं माझ्यावरच आलं.

मी गेले नाही. पण त्यात माझं काही शौर्य नव्हतं. पोटात सुई खुपसतात, या कल्पनेनेच मला घाम फुटला होता. सुईची भीती नसती तर मी गेले असते का? या प्रश्नाचं उत्तर मी आजवर स्वतःलाही दिलेलं नाही. धाकटी झाली, तीही मुलगी.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी वाचनालयातून नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा १९७९ सालचा कथासंग्रह आणला. त्यात ‘पुत्रवती भव’ ही कथा होती. हवा तर मुलगाच होईल, असा उपाय विज्ञानाने माणसाच्या हाती दिला तर समाजाचं काय होईल, हा तिचा विषय. ज्या आशीर्वादाला आपण वाकून नमस्कार करतो तोच नाव म्हणून वर छापलेला! वाचून होईपर्यंत आमटी करपली. लेखकाला स्वतःला तीन मुली, हे मला नंतर कळलं.

गंमत बघा. गर्भजलाची ती तपासणी शोधली होती बाळातली व्यंगं आणि आनुवंशिक आजार ओळखायला. शोध नवा, पण त्यावर स्वार झाली ती आपली शेकडो वर्षांची जुनी हाव. बुद्धीची मर्यादा म्हणतात ती हीच. ती वाट काढून देते. कुठे जायचं, ते मन ठरवतं, आणि मन आजीच्या आजीच्या काळातलंच असतं.

आपल्या महाराष्ट्राने या तपासण्यांवर देशात सर्वांत आधी, १९८८ साली, कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. पण तोवर सोनोग्राफी गल्लोगल्ली पोचली होती, सुईचीसुद्धा गरज उरली नव्हती. कायदा कागदावरच राहतो हे पाहून २००० साली काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांत पुणे जिल्ह्यातल्या बायकांबरोबर काम करणारी ‘मासूम’ ही संस्थाही होती. त्यानंतर २००३ मध्ये कायदा कडक झाला. तरीही आकडे काय सांगतात? महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. कथा १९७९ ची, आणि तिच्यातली धास्ती दर जनगणनेला थोडी थोडी खरी होत गेली.

आणि हे अडाण्यांनी केलं नाही, मैत्रिणींनो. शिकलेल्यांनी, ऐपतीच्या माणसांनी, स्वच्छ दवाखान्यांत जाऊन केलं. सिंहात प्राण फुंकणारेही विद्वानच होते.

आपल्या हातात काय आहे?

‘आम्हांला त्यातलं काय कळतंय’ म्हणून विज्ञानकथेचं पुस्तक खाली ठेवणाऱ्या पुष्कळ जणी मला माहीत आहेत. पण ‘मग पुढे काय?’ हा प्रश्न मुळी आपलाच आहे. गॅसवर दूध ठेवून दार उघडायला जाणारी बाईसुद्धा मनात उतू जाण्याचा हिशेब धरून जाते. तो प्रश्न फक्त दुधापुरता ठेवू नये, इतकंच.

रात्री जेवणं झाल्यावर अशी एखादी कथा मोठ्याने वाचून बघा. अर्ध्यावर थांबा आणि मुलांना विचारा, पुढे काय होईल? मुलं काय काय सांगतात ते ऐकून थक्क व्हाल. यंत्राकडून उत्तर घेतलं तर जरूर घेऊ द्या, पण ‘हे खरं कशावरून?’ हा प्रश्न पाठोपाठ विचारायची सवय लावा. नारळीकर मुलांना नुसती सही देत नसत. म्हणत, तुझा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, मी उत्तर देईन. सहीपेक्षा प्रश्न मोठा, हे त्यांनी असं शिकवलं.

आमच्या नातीचं सांगायचं राहिलं. ती धाकटीची मुलगी. त्या सुईच्या भीतीने जगात आलेल्या धाकटीची.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन माझ्यापाशी बसली आणि म्हणाली, “आजी, तू लहानपणी कशाला घाबरायचीस?” मी सांगत गेले, ती लिहीत गेली. निबंधात शुद्धलेखनाच्या अकरा चुका निघाल्या, ‘पर्वती’चा रफार भलत्याच अक्षरावर पडला होता. पण त्यात पंजाबी ड्रेस होता, टाळूला चिकटणारे लाडू होते आणि सुईला घाबरणारी आजी होती.

सुईची पुरी गोष्ट मात्र मी अजून सांगितलेली नाही. ती मोठी झाली की सांगणार आहे. तेव्हा ती विचारील, “मग सुईची भीती नसती तर?” त्या उत्तराची तयारी मी आतापासून करते आहे.