जिन्याखालची पेटी

हिंजवडीच्या आयटी पार्कवर लिहिणारे पुष्कळ आहेत. संपादकांना हवा होता तो तिथं नोकरी करणाऱ्यांच्या घरात नेट पोचवणारा माणूस, म्हणून मी शेजारच्या ताथवड्याला गेलो. मुंबई-बंगळूरु महामार्गाला लागून असलेलं हे गाव 2009 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. पशुसंवर्धन खात्याचं वळू-माता प्रक्षेत्र इथं जुनं. पुढे इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटची कॉलेजं आली आणि त्यांच्या मागोमाग होस्टेलं, पीजी, उंच उंच सोसायट्या. इमारती वाढल्या, आतले रस्ते मात्र अरुंदच राहिले. दिव्याच्या खांबाखांबावर काळ्या वायरींची भेंडोळी लोंबताहेत. त्यातली कुठली कुणाची, हे ती टांगणाऱ्यालाच ठाऊक.

मला भेटलेला टेक्निशियन लातूरकडचा. आयटीआय करून इकडे आला आणि केबल टीव्हीच्या कामातून नेटच्या कामात शिरला. ‘नाव नका छापू सर, मालकाला चालायचं नाही,’ एवढं त्यानं आधीच सांगून टाकलं. पाठीला बॅग, दुचाकीच्या बाजूला बांधलेली शिडी. पहिली तक्रार एका जुन्या होस्टेलची होती. जिन्याखाली, मीटरच्या शेजारी पत्र्याची एक पेटी. उघडली तर आत धूळ, कोळिष्टकं, एक फुगलेली बॅटरी आणि आठ पोर्टांचा एक स्विच. त्याचे हिरवे दिवे लुकलुकत नव्हते, सगळे एकदम पिसाटल्यासारखे चमकत होते. त्यानं एकच नजर टाकली. ‘लूप मारलाय कुणीतरी.’

इथं स्विचबद्दल थोडं सांगायला हवं. त्याच्या आधी हब होता. एका दारातून आलेला निरोप बाकीच्या सगळ्या दारांना ऐकवायचा, म्हणजे गावात दवंडी पिटल्यासारखं. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया. 1990 मध्ये ‘कल्पना’ नावाच्या अमेरिकी कंपनीनं सात पोर्टांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज. कंपनीला नाव दिलं ते त्यांच्या पत्नीचं. 1994 मध्ये सिस्कोनं ती विकत घेतली. आज जिन्याजिन्यात धूळ खात पडलेल्या पेट्यांचं मूळ तिथं आहे.

स्विच चालू केला की त्याला कुणाचीच ओळख नसते. पोर्ट तीनमधून निरोप आला की तो पाठवणाऱ्याचा पत्ता टिपून घेतो: हा तीनवर राहतो. ज्याला निरोप द्यायचा तो माहीत नसेल, तर सगळ्या पोर्टांवर पाठवतो. उत्तर आलं की तोही पत्ता टिपतो आणि मग त्या दोघांचं बोलणं त्या दोघांतच राहतं. कुणी बराच वेळ गप्प राहिलं, साधारण 300 सेकंद, की त्याचं नाव वहीतून पुसतो. एवढीशी अक्कल, पण नेटवर्क तिच्यावर चालतं. घोळ होतो तो एका वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचली की. सगळ्यांसाठी असलेला एकच निरोप मग गोल गोल फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीला पुन्हा सगळ्यांकडे जातो. काही क्षणांत होस्टेलभर नेट ठप्प. यावरचा उपाय राडिया पर्लमन यांनी 1985 मध्येच शोधला होता: स्विचांनी आपापसांत बोलून जास्तीची वाट स्वतःच बंद ठेवायची. महागड्या स्विचमध्ये ते असतं. होस्टेलमालकानं घेतलेला स्विच सर्वांत स्वस्तातला होता.

एका पोरानं खोली झाडताना खाली पडलेलं वायरीचं टोक दिसेल त्या भोकात खोचलं होतं. टेक्निशियननं ते उपटलं, दिवे शांत झाले. होस्टेलमालक म्हणाले, ‘एवढंच होतं?’ आणि चहाचंही विचारलं नाही.

नव्या सोसायट्यांच्या जिन्यांतून मात्र स्विच हद्दपार होतोय. त्याच्या जागी आला आहे स्प्लिटर. विजेची गरजच नसलेली काचेची डबी. एका फायबरमधला प्रकाश ती बत्तीस घरांना वाटते. ऑफिसातलं यंत्र, ज्याला हे लोक ओएलटी म्हणतात, 1490 नॅनोमीटरचा प्रकाश पाठवतं. घरातली पेटी त्याच काचेतून 1310 वर उत्तर देते. दोन रंगांचे प्रकाश एकाच वाटेनं उलटसुलट जातात, एकमेकांना अडवत नाहीत. बत्तीस वाटे केले की एकेका घराला जेमतेम पन्नासावा भाग पोचतो. म्हणून सांध्यात प्रकाश सांडून चालत नाही.

सांधा बघायला मी त्याच्याबरोबर एका इमारतीच्या गच्चीवर गेलो आणि ज्यासाठी आलो होतो ते तिथं सापडलं. काच मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी जाड आणि तिच्यातला प्रकाशाचा मार्ग नऊ मायक्रॉनचा. पलंगाएवढ्या सावलीत त्यानं पोतं अंथरलं. चिमट्यानं रंगीत लेप सोलला, स्पिरिटनं काच पुसली, काच तोडणाऱ्या क्लीव्हरमध्ये ठेवून टक् केलं. तुटलेला कण बोटानं उचलून डबीत टाकला. तो पायात गेला तर काढता येत नाही. मग दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवून झाकण लावलं. पडद्यावर दोन जाडजूड दांडे दिसले, हळूहळू समोरासमोर आले, दोन इलेक्ट्रोडमध्ये ठिणगी पडली आणि दांड्यांमधली रेघ नाहीशी झाली. सांध्यात किती प्रकाश सांडतो त्याचा आकडा उमटला: 0.02. त्यानं टोक पुन्हा काढलं नाही, पण पुढचा सांधा 0.09 आला तेव्हा तोडला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मशीनला चालला असता. ‘आज चालेल सर. पावसाळ्यात बोंबलेल.’

सांध्यावर पोलादी काडीची नळी चढवून तापवली, सांधे सांभाळणाऱ्या क्लोजरमध्ये गुंडाळून ठेवली, खाली येऊन एका घरी पोचणारा प्रकाश मोजायला मीटर लावला. उणे 19. उणे 27 च्या खाली गेलं की घरातल्या पेटीवर लाल दिवा लागतो आणि याचा फोन वाजतो. ‘विसाच्या आत आलं की घर शांत,’ तो म्हणाला. ही काच ओढणारा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आहे, केबल बनवणारा एक तर इथून जवळच, उर्स्याला. मालाला तोटा नाही.

तोटा आहे तो जमिनीखालच्या जागेचा. फायबर खाली असायला हवं, असतं खांबावर. ड्रेनेजसाठी, पाण्याच्या लाइनसाठी, काँक्रिटसाठी रस्ता वेगवेगळ्या वेळी उकरला जातो आणि जेसीबीच्या दातांना काच आणि मुळी यांतला फरक कळत नाही. खोदण्याआधी कळवण्यासाठी केंद्र सरकारनं 22 मार्च 2023 ला ‘कॉल बिफोर यू डिग’ अॅप आणलं. माझ्याबरोबरच्या टेक्निशियननं त्याचं नाव ऐकलं नव्हतं, समोर खोदणाऱ्या जेसीबीवाल्यानंही नाही. दूरसंचाराच्या तारांना वाट देण्याचे नवे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू आहेत. पण गल्लीतल्या छोट्या केबलवाल्याला परवानगीच्या कागदांपेक्षा शिडी स्वस्त पडते. मग महापालिका अनधिकृत वायरी तोडायची मोहीम काढते, दोन दिवस अख्खी वाडी लाल दिव्यावर असते आणि तिसऱ्या दिवशी त्याच खांबावर त्याच वायरी.

स्प्लिटरला वीज लागत नाही, पण घरातल्या पेटीला लागते. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की याच्या फोनला उसंत नसते. दोन इमारतींमध्ये तांब्याची वायर ओढलेली असेल तर वळवाच्या पहिल्या कडकडाटात पोर्ट जळतात. उंदीर आहेत. शू-रॅकमध्ये राउटर कोंबून ‘बेडरूममध्ये रेंज नाही’ म्हणणारे आहेत. आणि तो स्वतः आहे, विजेच्या तारेपासून हातभर अंतरावर, ओल्या शिडीवर, कमरेला पट्टा नाही. पट्टा ऑफिसात आहे म्हणाला. एकच आहे, तो दुसऱ्या टीमकडे. मला सांध्याच्या 0.02 पेक्षा हे जास्त दिवस आठवेल.

महापालिकेनं नव्या काँक्रिट रस्त्याखाली एक रिकामा पाइप आधीच टाकावा, ही मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. पण सोसायट्यांच्या हातातही काही आहे. कमिटीच्या मंडळींनो, डक्टमधली एक नळी नेटसाठी मोकळी ठेवा, पेटीला कुलूप आणि इन्व्हर्टरचा एक पॉइंट द्या, किल्ली वॉचमनकडे ठेवा. गच्चीवर चढणाऱ्या पोराच्या कमरेला पट्टा नसेल तर त्याला चढू देऊ नका. फोन त्याच्या मालकाला करा.